निर्विषराव, हे मी पुसणार नाही

समस्त सांडगेकर, माजी सांडगेकर, रागावून गेलेले आणि रागावूनच परत आलेले सांडगेकर यांना या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, कात्रजनिवासी सभासद श्री. निर्विष यांनी केलेले 'गेले' हे विधान हा मजकूर लिहीपर्यंत मागे घेण्यात आलेले नाही. विधान मागे घेण्याचा त्यांचा नेहमीचा अवधी केव्हाच उलटून गेला आहे. चहा उकळून, गाळून, पिऊन, पातेलं घासून पालथं घालून झालं आहे. सबब सदर विधान कायम समजावे.

झालं समाधान?

निर्विषराव, मी भयंकर चिडले आहे आणि ते तुम्हाला सांगायला दुसरी जागा उरलेली नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कुठे, मागे परिवार कोण, हे सांगायची पद्धत असते. मी त्यातलं काही सांगणार नाही. ते सगळं तुमच्या मुलीनं, मुक्तानं, पेपरात दिलंय. वर तुमचा फोटोही आहे, टाय लावलेला. टाय लावलेल्या त्या गृहस्थांशी माझा परिचय नाही. ते गेले असतील तर ईश्वर त्यांच्या आत्म्याला शांती देवो. माझं भांडण दुसऱ्याशी आहे. कुणाच्या तरी लेखाखाली दोन ओळी खरडून, तो माणूस वाचायच्या आत त्या पुसून, वर साळसूदपणे 'काही नाही, सहज' म्हणणाऱ्या माणसाशी.

ज्यांना सांडगे म्हणजे फक्त तळून खायचे एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते. सांडगे ही आमची साइट. हिंजवडीत कंपनीसाठी कोड लिहिणाऱ्या, मूळच्या अमरावतीकडच्या पंकजनं ती काढली, आईच्या पाककृती हरवू नयेत म्हणून. पहिली पाककृती सांडग्यांची, म्हणून हे नाव. तिच्याखाली पहिला प्रतिसाद आला तो सांडग्यात कोहळा घालायचा की नाही यावर हमरीतुमरीचा, आणि त्या दिवसापासून तिथे शिजतं कमी आणि करपतं जास्त. लोक टोपणनावानं लिहितात. मी 'नांदी', कारण माझं मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला वेशभूषा भाड्यानं द्यायचं दुकान आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांना मावळे, राण्या, झाडं आणि भाज्या पुरवते. तुम्ही 'निर्विष', कारण घर सर्पोद्यानापासून हाकेच्या अंतरावर. ओळखीच्या रकान्यात तुम्ही लिहिलं होतंत, 'चावतो, पण माणूस दगावत नाही.' पहिलं अर्धं वाक्य खरं होतं.

तर पंकजनं साइट बांधली तेव्हा प्रतिसाद काढून टाकायचं बटण द्यायचं राहून गेलं. लिहिलेलं बदलता येतं, पण नाहीसं करता येत नाही, आणि चौकट नुसती रिकामी ठेवली तर साइट म्हणते, काहीतरी लिहा. म्हणून ज्याला आपले शब्द गिळायचे असतील तो मजकूर खोडतो आणि त्या जागी 'प्रतिसाद काढून टाकला आहे' असं लिहितो. एवढं टंकायचा कंटाळा आला की त्याचं होतं 'प्रकाटाआ'. इतर मराठी साइटींवरही हा शब्द चालतो म्हणे. आमच्याकडे त्याचं देऊळ झालं, आणि त्याला जबाबदार तुम्ही. दर वर्षी कुणीतरी पंकजकडे बटण मागतं. तो म्हणतो, ते एक बटन लावाले गेलो तर बाकी सारं पडते बाप्पा, राहू द्या.

बाकीचे लोक चूक झाली म्हणून पुसायचे. तुम्ही पुसायचं म्हणूनच लिहायचात. लिहून झालं की उठून चहाचं आधण ठेवायचं, चहा गाळला की येऊन पुसायचं, हा तुमचा नेम. हे तुम्हीच मला सांगितलंत, जणू काही एखादं व्रत असावं. त्या मधल्या वेळात ज्यानं वाचलं त्यानं वाचलं. उरलेली प्रजा नंतर येऊन पाहते तो निर्विष, प्रकाटाआ. मग सुरू. काय होतं, काय होतं? वाचलं का कुणी? ज्यानं वाचलेलं असे तो नुसतं 'वाचलं' एवढंच लिहून निघून जायचा आणि दिवसभर मिरवायचा. तुमच्यापायी चांगली नोकरदार माणसं ऑफिसात काम सोडून टपून बसायला लागली. पुसलेलं पुन्हा सांगायचं नाही, असा एक अलिखित नियमही होऊन बसला. कुणी केला माहीत नाही, सगळे पाळायचे.

तो नियम मी आज मोडते. या आता थांबवायला.

आठवतंय, एका बाईंनी मैद्याशिवाय, तेलाशिवाय आणि साखरेशिवाय करायच्या शंकरपाळ्यांची कृती दिली होती? तुम्ही लिहिलंत, 'छान कृती. मी शंकरपाळ्यांशिवायही करून पाहिली, चवीत फरक पडला नाही.' बाई आल्या तोवर तुमचा चहा गाळून झालेला. त्यांनी विचारलं, निर्विषजी, काय लिहिलं होतं? तुम्ही उत्तर दिलंत की कौतुकच होतं, पण जरा जास्त झालं असं वाटलं. बाईंनी आभार मानले. मी इकडे दुकानात एका दहा वर्षांच्या अफझलखानाला दाढी चिकटवत होते, ती हसण्याच्या भरात त्याच्या भुवईला चिकटली. त्याची आई अजून माझ्याकडे येत नाही. भरपाई कोण देणार होतं?

मला हे पुसणं कधीच पटलं नाही. मी सांडग्यावर एकदाही प्रकाटाआ केलेलं नाही, माझ्या महामूर्ख प्रतिसादांसकट सगळं तसंच आहे, कुणीही जाऊन पाहावं. बोललो ना, मग उभं राहावं त्यामागे. आपला कट्टा भरला होता, म्हणजे आम्ही सांडगेकर एकदा प्रत्यक्ष भेटलो होतो, तेव्हा मी हे तुम्हाला तोंडावर म्हटलं. तुमच्या हट्टापायी आम्ही सर्पोद्यानात भेटलो होतो. तुम्हाला त्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायचा होता, ज्या पाटीवर सापाच्या नावाखाली 'निर्विष' लिहिलेलं असतं. फोटो काढून झाल्यावर अजगराच्या काचेसमोर आपलं जुंपलं. मी म्हटलं, हा पळपुटेपणा आहे, नटानं वाक्य टाकायचं आणि प्रेक्षकांना सांगायचं की ऐकलं नाही असं समजा. तुम्ही अजगराकडे बघत म्हणालात, "नांदीबाई, प्रयोग संपल्यावर नाटकातलं काय उरतं? तुमच्याकडे परत येतात त्या मिशा. मी मिशा ठेवत नाही, एवढंच."

मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. माझ्या बाबतीत ही घटना दुर्मिळ आहे. घरी येताना रिक्षात तीन उत्तरं सुचली, एकाहून एक सरस. ती मी सांडग्यावर लिहिली. तुम्ही खाली लिहिलंत, 'सविस्तर बोलू कधीतरी.' आणि, विशेष म्हणजे, हे पुसलं नाहीत. ते अजून तिथे आहे. काल पुन्हा जाऊन पाहिलं. 'कधीतरी' म्हणे.

आणि आता ज्याच्यामुळे मला तुमचा खरा राग येतो ते सांगते. शाळा बंद होत्या त्या दिवसांत माझं दुकान म्हणजे नुसतं कपड्यांचं गोदाम झालं होतं. मी सांडग्यावर एक लेख टाकला. खुंटीला लटकलेल्या मिशा एकमेकींशी काय बोलतात, झाशीची राणी आणि फ्लॉवर एका गाठोड्यात कसे सुखानं नांदतात, असा. लोक हसून हसून बेजार झाले. शुभचिंतक नावाचे आमचे एक सज्जन आहेत, रोज सकाळी फुलाचं चित्र टाकणारे, त्यांनीसुद्धा त्या दिवशी फुलाऐवजी हसरा चेहरा टाकला. तुम्ही एकटे हसला नाहीत. तुम्ही मोठा प्रतिसाद लिहिलात, तुमच्या मानानं फारच मोठा. मी तो उभ्या उभ्या वाचला, मग गाठोड्यावर बसून वाचला, आणि डोळे पुसून पुन्हा बघायला गेले तर तुमचा चहा झालेला होता.

मी तुम्हाला फोन करून म्हटलं, परत लिहा. तुम्ही म्हणालात, ते एकदाच लिहायचं असतं. मी भांडले. तुम्ही हवापाण्याच्या गप्पांवर गेलात.

त्यातलं मला शेवटचं तेवढं आठवतं. 'मिशांना अधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर कसर लागते. मालकिणीलाही दाखवा.' वरचं सगळं गेलं. त्यात काहीतरी असं होतं की ज्यानं मी दुसऱ्या दिवशी शटर उघडलं आणि सगळ्या दाढ्यामिशा फुटपाथवर चादर टाकून उन्हात मांडल्या. येणारेजाणारे थांबून बघत होते. मग तिथे दोन बायका मास्क शिवून देता का विचारायला आल्या, आणि वर्ष निघालं. पण काय लिहिलं होतंत? मी कुठल्या शब्दांवर उठून उभी राहिले, ते मला ठाऊक नाही, निर्विषराव. माणसानं उपकार करावेत आणि पुरावा नष्ट करावा, याला काय म्हणायचं?

नंतर तुम्ही एकदा दुकानात आलात, मिशा कशा आहेत ते बघायला. रुबाबात आत शिरलात आणि काचेचं दार तसंच सताड उघडं टाकलंत. यार्डातून निघालेल्या ट्रकांची धूळ सगळ्या राण्यांवर. मी म्हटलं, दार. तुम्ही म्हणालात, हो, चांगलं आहे. आणि खुर्चीवर बसलात. दार मी उठून लावलं.

बरं, आता त्या दिवसाकडे येते. आपल्या साइटीवर आणखी एक रीत आहे. कुणाचं कुणाशी बिनसलं की तो जाहीर निरोप घेतो. मी सांडगे कायमचे सोडत आहे, आपल्या प्रेमाबद्दल आभार, वगैरे. मग लोक म्हणतात जाऊ नका, आणि तो चार दिवसांनी भाजणीवरच्या चर्चेच्या धाग्यावर भांडताना सापडतो. तुम्ही या रीतीचाही खेळ केला होता. भांडण नसतानाच निरोप घ्यायचा आणि चहा झाला की पुसायचा. एकदा तर तुमच्या मांजरीनं निरोप लिहिला. 'मालक गेले. दुधाचं काय?' आम्ही सगळे मांजरीचं सांत्वन करत होतो.

अशा माणसाच्या नावानं, त्याच्याच खात्यावरून, सकाळी सकाळी एक ओळ आली. 'बाबा आज पहाटे गेले.' खाली सही नाही, काही नाही. आम्ही काय समजायचं? तुम्हीच सांगा. मांजर झाली, आता मुलगी, असंच समजणार ना माणूस? तुमचा कॉम्प्युटर उघडा असेल, सांडगे उघडं असेल, मुक्ताला कुणाला कळवायचं ते सुचलं नसेल म्हणून तिनं समोर दिसलेल्या चौकटीत लिहिलं असेल, हे आमच्या स्वप्नातही आलं नाही.

आणि मग जे झालं ते झालं. एकानं विचारलं, परत कधी येणार ते सांगून जा, म्हणजे दूधवाल्याला कळवता येईल. पंकजनं लिहिलं, काका, जाता जाता पासवर्ड बदलून जा. शुभचिंतकांनी, हो, खुद्द शुभचिंतकांनी, विचारलं की या खेपेला मुक्काम किती दिवसांचा. एकावर एक चढत गेले सगळे. सांडग्यावर इतकी बहार बऱ्याच दिवसांत आली नव्हती. मी दुकानाचं शटर वर करून, पर्स खांद्यावर तशीच ठेवून लिहिलं, 'जाताय तर जा, वाद अर्धा सोडून पळताय एवढं ध्यानात ठेवा. आणि जाताना दार लावून घ्या, डास येतात.'

मग मी वाट बघितली. सगळ्यांनीच बघितली. आता चहा उकळत असेल. आता गाळला असेल. आता प्रकाटाआ.

पंकजचा फोन आला. त्यानं तुमच्या नंबरावर लावून पाहिला होता, काय घोळ आहे म्हणून. तो नेहमी ताई म्हणून सुरू करतो आणि मग त्याची गाडी थांबत नाही. त्या दिवशी म्हणाला, "ताई, खरं आहे." आणि फोन ठेवला.

दुपारपर्यंत त्या पानाचं काय झालं ते तुम्ही पाहायला हवं होतंत. सगळ्यांनी लाजेनं आपापलं पुसलं. वर ती एक ओळ, 'बाबा आज पहाटे गेले', आणि खाली प्रकाटाआ. प्रकाटाआ. प्रकाटाआ. पान संपेपर्यंत. तुम्हाला यापेक्षा मोठी मानवंदना कुणी देऊ शकलं नसतं आणि ती द्यायचा कुणाच्या मनात विचारही नव्हता. मी ते पाहून आधी हसले. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, त्यांना वाटलं मला ठसका लागला.

त्या सगळ्या पांढऱ्या निशाणांमध्ये एकच प्रतिसाद तसाच उभा होता. दार लावून घ्या, डास येतात. माझा.

नवा धागा निघाला, श्रद्धांजलीचा. शंकरपाळ्यांच्या बाईंनी लिहिलं की तुम्ही त्यांच्या पाककृतीचं भरभरून कौतुक केलं होतंत. एकानं लिहिलं की तुम्ही कधी कुणाला दुखावलं नाहीत. कुणाबद्दल चाललंय हे? मला वाटलं त्या टायवाल्या गृहस्थांबद्दल असावं. शुभचिंतकांनी पणती लावली, कमळ लावलं आणि मग मला खाजगीत निरोप पाठवला. मी आपला तो प्रतिसाद काढावा, शोभत नाही, घरच्यांना काय वाटेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी उघड्यावर, नाव न घेता, 'काही लोकांना प्रसंगाचं भान नसतं'. त्याखाली बरीच मंडळी अनुमोदन देऊन गेली. त्यातले अर्धे तुमच्या दूधवाल्याची चौकशी करणारे होते.

मी पुसलं नाही. पंकजचा पुन्हा फोन आला. म्हणाला, मुक्ताची मेल आहे, तेवढं एक वाक्य काढा म्हणून. तो मालक आहे, आतून हात घालून काढू शकतो. पण म्हणाला, तुमचं तुम्ही पाहा ताई, काकांच्या पानाले मी हात नाही लावत. मी म्हटलं, मी पुसत नसते, तत्त्वाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, तत्त्व ठीक आहे, पण पोरीचा बाप गेला आहे.

आता जे मी त्यालाही सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. तत्त्व गेलं खड्ड्यात. त्या सकाळनंतर तुमच्याबद्दल जे जे लिहिलं गेलं ते गेलेल्या माणसाबद्दल लिहिलेलं आहे. 'होते', 'असायचे', 'आठवतात'. तुम्ही आहात असं धरून, तुमच्या अंगावर धावून जाऊन, तुमच्याकडून उलट उत्तराची अपेक्षा ठेवून लिहिलेलं जगातलं शेवटचं वाक्य ते आहे. बाकीच्यांनी आपापलं पुसलं. मीही पुसलं की तुम्ही पूर्ण गेलात. तुमच्या हातानं नाही, माझ्या.

पण पंकजचं ते वाक्य मला दोन दिवस टोचत राहिलं आणि परवा संध्याकाळी मी कात्रजला तुमच्या घरी गेले. ठरवून गेले होते की मुलीच्या तोंडावर हे सांगायचं, आणि तरी तिला नको असेल तर तिच्यासमोर पुसायचं. आयुष्यातलं पहिलं प्रकाटाआ.

तुमच्या घराचं दार उघडं होतं. सुतकाच्या घराचं असतंच, पण जाळीचंसुद्धा उघडं. आणि तुम्ही राहता तळ्याच्या अंगाला, त्यात दिवेलागणीची वेळ. आत शिरले तर तुमचा तोच फोटो, टायवाला, आणि त्याच्याखाली खुर्चीत शैलावहिनी. मी वहिनींना पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी मान हलवली. मुक्ता म्हणाली, दिवसभर लोक येऊन जातात, आई कुणाशी बोलत नाही. मांजर माझ्या पायाशी येऊन वास घेऊन गेली. मला तिच्याशी ओळख सांगावीशी वाटली.

मी म्हटलं, मी नांदी.

मुक्ताचा चेहरा बदलला. तुमच्यासारखीच आहे, आवाज चढवत नाही. म्हणाली, "म्हणजे डासवाल्या तुम्ही." मी हो म्हटलं. मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. त्या सकाळी तिनं ते लिहिलं तेव्हा घरात अजून कुणी आलेलं नव्हतं. तिला वाटलं, बाबा इतकी वर्षं या लोकांशी बोलत बसायचे, निदान या लोकांना तरी आधी कळावं. आणि ती तिथेच बसून राहिली, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. एकेक उत्तर येत गेलं ते तिनं सगळं वाचलं. "बाकीच्यांनी निदान नंतर काढून टाकलं," ती म्हणाली. "तुम्ही तेवढंसुद्धा केलं नाही."

निर्विषराव, मी तयारीनं गेले होते. जगातलं शेवटचं वाक्य वगैरे सगळं पाठ होतं. सुतकाच्या घरात चहा नव्हता, त्यामुळे किती वेळ गेला तेही कळलं नाही. पण त्या मुलीसमोर मी एवढंच म्हटलं की आम्हाला वाटलं, नेहमीसारखं आहे, आत्ता पुसतील. आम्ही वाट बघत होतो. ती म्हणाली, मीपण.

मग तिनं डोळे पुसले आणि आईकडे वळली. वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांच्यापासून तिनं ते लपवून ठेवलं होतं. बहुधा आता राहवलं नाही. "आई, बाबा गेल्याचं मी लिहिलं तर यांनी खाली काय लिहिलंय माहितीये? जाताना दार लावून घ्या, डास येतात."

मी फोन बाहेर काढला. ते पान उघडलं, माझं वाक्य निवडलं आणि खोडलं. चौकट रिकामी झाली. प्र लिहिला, का लिहिला. अजून जतन केलं नव्हतं. तुम्ही जिंकलात असं मनात संतापानं म्हणत होते.

वहिनी फोटोकडे बघतच नव्हत्या. त्या उघड्या दाराकडे बघत होत्या. आणि इतके दिवस गप्प असलेली ती बाई एकदम माझ्यापेक्षा दुप्पट चिडून म्हणाली,

"मग चूक काय लिहिलंय? जन्मभर मी तरी दुसरं काय सांगत होते? दार लावा, दार लावा. ऐकलं का मेल्यानं एकदा तरी?"